मोठा भाऊ राज्याकडून खेळलेला. धाकट्याची हॉकी (वय १३) जोखायची कशी?

हाफलाइन

मुंबईतल्या एका क्लबच्या १४ वर्षांखालच्या संघाची निवड चालू आहे आणि एका मुलावर निवड समितीचं एकमत होत नाहीये. म्हणून हा धागा.

मुलगा १३ वर्षं ४ महिन्यांचा, उंची १५१ सेंमी, सेंटर फॉरवर्डला खेळतो. मोठा भाऊ १९ वर्षांचा, तोही सेंटर फॉरवर्ड, राज्याच्या ज्युनिअर संघातून खेळलेला, उंची १७८ सेंमी. धाकट्याचा चेंडूवरचा ताबा गटात सगळ्यांत चांगला. वेग मध्यम. खांद्याला खांदा लागला की चेंडू सोडतो. समितीतल्या दोघांचं म्हणणं, "घरातच हॉकी आहे, डोळे मिटून घ्या." तिसऱ्याचं म्हणणं, "मोठा या वयात दोन-दोन बचावपटूंना झुलवून डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) घुसायचा, याच्यात ते नाही." दोन्हीकडून मोठ्याचीच मापं लावली जाताहेत. धाकट्याला त्याच्या स्वतःच्या मापाने कसं जोखायचं? काय मोजायचं, किती वेळा, कशाकडे दुर्लक्ष करायचं? जाणकारांनी नेमकं लिहावं.

मुरूम ते टर्फ

सगळ्यात आधी आठवणी बाजूला ठेवा. "मोठा या वयात असा खेळायचा" हे वाक्य सहा वर्षांपूर्वीच्या चार-पाच चांगल्या सामन्यांवर उभं असतं. त्याचे वाईट सामने आज कुणाच्या लक्षात नाहीत. व्हिडिओ किंवा लिहिलेली नोंद नसेल तर ती तुलना कागदावर येताच कामा नये.

दुसरं, शरीराचं वय. या वयोगटात सगळ्यात मोठी चूक इथेच होते. दोघा भावांची वाढ एकाच वयात होईल असं नाही. मुलांच्या उंचीचा सगळ्यात वेगवान टप्पा सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण कुणाला बाराव्यात, कुणाला सोळाव्यात. ज्याला आधी आला तो तेराव्या वर्षी मुलांमध्ये पुरुषासारखा खेळतो. मोठ्याची तेराव्या वर्षाची उंची मिळेल का? शाळेच्या वैद्यकीय तपासणीच्या कार्डावर बहुतेक असते. आईवडिलांची उंचीही विचारा.

हाफलाइन

मिळाली. मोठा तेराव्या वर्षी १६४ होता. वडील १७२, आई १५८. धाकट्याच्या तीन नोंदी आहेत: फेब्रुवारीत १४७.८, मेमध्ये १४९.२, ऑगस्टमध्ये १५१.

मुरूम ते टर्फ

मग हिशेब सरळ आहे. मुलासाठी आईवडिलांच्या उंचीची बेरीज, त्यात १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचं: १७२ + १५८ + १३ = ३४३, म्हणजे १७१.५ सेंमी. यात साधारण साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे धरा. मोठा १७८ वर गेला, तोही या पट्ट्यातच आहे. म्हणजे धाकट्याची अजून वीसेक सेंटिमीटर वाढ बाकी असू शकते, तर मोठ्याची तेराव्या वर्षी फक्त १४ उरली होती. मोठा तेव्हा वाढीच्या ऐन भरात असणार, हा तिच्या उंबरठ्यावर आहे. सहा महिन्यांत ३.२ म्हणजे वर्षाला साडेसहाच्या आसपास; ऐन टप्प्यात हाच दर नऊ-दहावर जातो. "धक्का लागला की चेंडू सोडतो" ही तक्रार आज त्याच्या वजनाबद्दल काही सांगते, पुढच्या हॉकीबद्दल फारसं नाही.

उंची दर तीन महिन्यांनी घ्या, सकाळीच आणि अनवाणी. दिवसभरात पाठीचा कणा दबून माणूस जवळपास एक सेंटिमीटर कमी भरतो. एक नोंद सकाळची आणि दुसरी संध्याकाळच्या सरावानंतरची असेल तर तीन महिन्यांची अर्धी वाढ त्यातच गडप होते. बसून उंचीही घ्या, कायम एकाच स्टुलावर. पाय आधी वाढतात, धड मागून. बसून उंची वेगाने वाढायला लागली की ऐन टप्पा आला समजायचं.

लेफ्ट इन

थोडा वेगळा मुद्दा. मोठ्या भावाची माहिती पूर्ण फेकून द्यावी असं वाटत नाही. सख्ख्या भावंडांमध्ये सरासरी निम्मी जनुकं सारखी असतात, घर एक, जेवण एक. हे काहीच नाही असं कसं म्हणणार? ध्यानचंद आणि रूपसिंग सख्खे भाऊ. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला २४-१ हरवलं, त्यात धाकट्या रूपसिंगचे १० गोल आणि ध्यानचंदांचे ८. आपल्याकडेच बघा, खडकीचा धनराज पिल्ले मुंबईत आला तो आरसीएफ या खत कंपनीच्या संघाकडून खेळणाऱ्या थोरल्या भावाकडे, रमेशकडे. पुढे चार ऑलिंपिक खेळला.

पांढरी पट्टी

@लेफ्ट इन, उदाहरणं खरी आहेत, पण ती शेवटाकडून निवडलेली आहेत. ज्या मोठ्या भावांचे धाकटे कुठेच पोचले नाहीत त्यांची यादी कुणी करत नाही. आइस हॉकीत वेन ग्रेट्स्कीचे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले गुण २८५७. त्याचा धाकटा भाऊ ब्रेंट १३ सामने खेळला, गुण ४. आडनाव एकच, घर एकच.

आणि धनराजच्या उदाहरणातून वेगळंच दिसतं. भावाने त्याला मुंबईचं दार उघडून दिलं, राहायला जागा, मार्गदर्शन, लीग हॉकीची ओळख. त्याचा फायदा फार मोठा असतो, पण तो मोजताना वेगळा काढावा लागतो. तुमच्या मुलाचा चेंडूवरचा ताबा गटात सगळ्यात चांगला आहे म्हणता. त्यातला किती भाग सात-आठ वर्षांचा असल्यापासून भावाबरोबर टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) जायला मिळालं म्हणून? गटातली बाकी मुलं शाळेच्या मातीच्या मैदानावर शिकली असतील तर त्यांच्या सरावाचे तास आणि याचे तास सारखे नाहीत. टर्फवर खाली बसून काठी आडवी ठेवता येते, मुरमावर चेंडू उडतो म्हणून मुलं काठी उभी धरतात आणि ट्रॅप, म्हणजे काठीने चेंडू थांबवणं, कच्चं दिसतं. सहा महिने टर्फ मिळालं की त्यातली बरीच भरून काढतात.

म्हणून प्रत्येक मुलासमोर दोन आकडे लिहा: टर्फवर किती वर्षं, आठवड्याला किती तास. मग कौशल्याकडे बघा. चार वर्षं टर्फवर असलेला जरासाच पुढे असेल आणि एक वर्षवाला जरासाच मागे, तर मी मागच्याकडे जास्त लक्ष देईन.

लेफ्ट इन

हे पटलं. मग भावाची कोणती माहिती वापरायची, ते तरी ठरवू.

पांढरी पट्टी

तीन गोष्टी. वाढीचा आलेख, वर आला तसा. दुखापतींचा इतिहास, म्हणजे मोठ्याला कंबरेचा स्ट्रेस फ्रॅक्चर, घोट्याचे वारंवार मुरगळणे असं काही झालं असेल तर धाकट्याचा भार आधीच आखायचा. आणि घरची व्यवस्था: पहाटे कोण उठवतं, डबा कोण देतं, परीक्षेच्या महिन्यात सराव चालू राहतो का. मोठ्याने तो रस्ता एकदा पार केलेला असतो. बाकी सगळं धाकट्याने स्वतः मिळवायचं.

सकाळची ६.०५

प्रत्यक्ष चाचणी कशी घ्यायची ते लिहितो. निवड समितीत आधीच मतं बनलेली आहेत, तेव्हा नाव झाकणं महत्त्वाचं.

फक्त नंबरची बिब द्या. नंबर आणि नावाची यादी एकाच माणसाकडे, आणि तो गुण देणारा नको. पाहणाऱ्यांपैकी निदान एक जण असा आणा ज्याने दोन्ही भावांना कधी पाहिलेलं नाही. दुसऱ्या उपनगरातल्या शाळेचे पीटी सर चालतील. सगळ्यांनी वेगवेगळं बसून लिहायचं, चहाच्या आधी कागद जमा करायचे. एकदा चर्चा सुरू झाली की ज्याचा आवाज मोठा त्याचे गुण सगळ्यांच्या कागदावर दिसतात.

एकच दिवस बघून ठरवू नका. कमीत कमी तीन सामने: एक वरचढ संघाशी, एक बरोबरीच्या, एक कमकुवत संघाशी. कमकुवत संघापुढे ताबा असलेला मुलगा नेहमीच भारी दिसतो. वरचढ संघापुढे तो चेंडू लवकर पास करायला शिकला आहे का, ते कळतं. जमलं तर एका सामन्याला मोठा भाऊ बाहेर उभा असू दे, दुसऱ्याला नको. दोन्हींत खेळ बदलत असेल तर ती नोंद महत्त्वाची आहे, पण तिला गुण देऊ नका.

आणि मुंबईतली एक अडचण सगळे विसरतात. चर्चगेटला सकाळी साडेसहाला बोलावलंत तर विरारचा मुलगा चारला उठून, किट खांद्यावर घेऊन, तासाभरापेक्षा जास्त प्रवास करून येतो. शेजारी राहणारा झोपून ताजा येतो. धावण्याची चाचणी त्या दिवशी घेऊच नका, किंवा सगळ्यांना येऊन पाऊण तास झाल्यावर, केळं-पाणी देऊन घ्या.

गोलपोस्ट

सामन्यात काय मोजायचं, हा प्रश्न राहिला. गोल मोजू नका. या वयात गोल बहुतेक वेळा उंचीचे आणि समोरच्या गोलरक्षकाच्या चुकांचे असतात.

मोबाइल स्टँडमध्ये उंचावर लावा आणि चेंडूऐवजी फक्त त्या मुलावर ठेवा. पंधरा मिनिटांचं एक सत्र पुरे. नंतर बसून चार गोष्टी लिहा.

चेंडू त्याच्याकडे येण्याआधीच्या पाच सेकंदांत मान किती वेळा वळली. ज्याची मान शून्य वेळा वळते तो चेंडू मिळाल्यावर विचार करायला लागतो आणि तोवर टॅकल झालेला असतो. "धक्का लागला की सोडतो" असं वाटणाऱ्या बऱ्याच मुलांची खरी अडचण ही असते: धक्का येतोय हेच त्यांनी पाहिलेलं नसतं. तुमच्या मुलाचं हे आधी तपासा, कारण वजन वाढेल ते आपोआप, मान वळवणं आपोआप येत नाही.

मग पहिला स्पर्श. चेंडू काठीला लागून थांबला एवढं पुरत नाही. पुढच्या पासच्या दिशेला आणि काठीच्या टप्प्यात राहिला तरच तो चांगला. पाठ गोलकडे करून घेतलेले आणि बाजूला वळून, गोल दिसेल असं उभं राहून घेतलेले ट्रॅप वेगळे लिहा. किमान २० ट्रॅप झाल्याशिवाय टक्केवारी काढू नका. सहापैकी पाच आणि सहापैकी चार यातला फरक निव्वळ नशीब आहे.

तिसरं, चेंडू गेल्यावरचे पाच सेकंद. उभा राहून हात पसरतो, की लगेच पास अडवायला जागा घेतो? हा गुण शरीराच्या वयावर फार अवलंबून नसतो, म्हणूनच तेराव्या वर्षी तो जास्त विश्वासाचा.

चौथं, चेंडू नसताना तो कुठे आहे. फॉरवर्ड असेल तर आपला हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) मान वर करतो त्या क्षणी तो बचावपटूच्या आड उभा आहे की दिसेल अशा जागी.

मैदानावर वेगळी चाचणी घ्यायची तर १५ मीटरवरून जोरकस पुश (काठी न उगारता ढकललेला पास), दहा सरळ बाजूने, दहा रिव्हर्सवर, म्हणजे काठी उलटी फिरवून डाव्या बाजूला. चेंडू अर्ध्या वाटेत असताना "डावा" किंवा "उजवा" ओरडायचं आणि ट्रॅपनंतर दोन सेकंदांत त्या बाजूच्या कोनमधून पास गेला तर एक गुण. पास देणारा सगळ्यांसाठी एकच माणूस, आणि तो मोठा भाऊ नको. भावाच्या हाताची लय त्याला लहानपणापासून पाठ असते.

कांदिवलीकर

वेगाचं काय? ३० मीटर धाव घेतली तर चालेल?

गोलपोस्ट

घ्या, पण १० मीटरची वेळ वेगळी काढा. हॉकीत पूर्ण तीस मीटर सरळ पळायला क्वचितच मिळतं. तीन प्रयत्न, मध्ये तीन मिनिटं विश्रांती, चांगला तो धरा. हाताच्या स्टॉपवॉचमध्ये दशांश दोन सेकंदांची चूक सहज होते, म्हणजे त्याहून कमी फरकावर मुलांचे क्रम लावणं व्यर्थ. फोनचा स्लो मोशन व्हिडिओ काढून फ्रेम मोजा. दमासाठी यो-यो इंटरमिटंट चाचणी चालेल: २० मीटर जा, २० मीटर या, १० सेकंद विश्रांती, वेग वाढत जातो. पहिल्या आकड्याला किंमत देऊ नका. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा घ्या आणि किती पुढे सरकला ते बघा.

मुरूम ते टर्फ

यात जन्मतारखेची भर. वयोगट १ जानेवारीवर कापला तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात आणि मध्ये जवळपास वर्षाचं अंतर असतं. कॅनडातल्या आइस हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं संघांत जास्त भरलेली असतात, हे १९८० च्या दशकातच दिसून आलं. गुणांची यादी केली की शेजारी जन्ममहिना लिहा. वरची बहुतेक मुलं जानेवारी ते एप्रिलची निघाली तर तुमची चाचणी हॉकीपेक्षा वय जास्त मोजते आहे.

जाता जाता: भावंडं खेळत असतील तर दोघांचे जन्मदाखले शेजारी ठेवून बघा. दोन सख्ख्या भावंडांच्या तारखांत पाच महिन्यांचं अंतर निघालं तर कुणाचं तरी वय कमी दाखवलेलं आहे. शंका असेल तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघता येतं, पण तेही अंदाजाचंच असतं, एकट्या त्यावर मुलाला खोटं ठरवू नका.

पांढरी पट्टी

सामान तपासा, हे कुणी लिहिलं नाही. धाकट्याच्या हातात बहुतेक वेळा मोठ्याची जुनी काठी असते. १५१ सेंमीच्या मुलाला ३४ ते ३५ इंच पुरते. मोठ्याची साडेसदतीस इंची असेल तर वरचं टोक पोटात टोचतं, डावं कोपर बाहेर फेकलं जातं, मूल उभं राहून खेळतं आणि रिव्हर्सला काठी उशिरा वळते. पाहणारा लिहितो, "रिव्हर्स कमजोर". तीन आठवडे बरोबर मापाची काठी देऊन पुन्हा बघा.

काठीचा बाकही बघा. नियमाने बाक २५ मिलिमीटरपर्यंत चालतो. ड्रॅग फ्लिक (काठीने चेंडू ओढत नेऊन फेकणं) मारणाऱ्यांच्या काठ्यांना तो पुरा असतो आणि टोकाच्या जवळ असतो. अशा काठीने साधा पुश किंवा हिट मारताना चेंडू उठतो. लहान मुलाचे पास उडत असतील तर हाताला दोष देण्याआधी काठी जमिनीवर पालथी घालून बाक कुठे आहे ते बघा. बूटही. अर्धा इंच मोठ्या बुटात कापूस भरून मुलगा वळतो तेव्हा पाय आत सरकतो आणि वळणं संथ दिसतात.

लेफ्ट इन

जागेबद्दल. मोठा सेंटर फॉरवर्ड म्हणून धाकटाही सेंटर फॉरवर्ड, हे कुणी ठरवलं? ताबा चांगला, वेग मध्यम, अंग लहान, हे वर्णन ऐकून तर इनसाइड (सेंटर फॉरवर्डच्या शेजारची, जरा मागची जागा) किंवा मधली फळी डोळ्यांपुढे येते. मरीन लाइन्सचे वाल्मीकी भाऊ बघा. युवराज आघाडीला, २०११ च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध शेवटचा निर्णायक पेनल्टी स्ट्रोक त्याचा. धाकटा देविंदर मधल्या फळीत, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेला तो देविंदर. सिमडेगाच्या लाक्रांचंही तेच: बिमल मधल्या फळीत, बिरेंद्र बचावात. प्रत्येक जागेवर निदान दोन सामने द्या, आणि बदलण्याआधी मुलाला कारण सांगा. नाहीतर त्याला वाटतं, दादाची जागा काढून घेतली.

हाफलाइन

सगळ्यांचे आभार. मुलाशी बोलायचं आहे. आईवडील "दादासारखा होणार ना?" असंच विचारतात. आम्ही काय विचारावं? आणि सध्या तो शाळा, क्लब आणि भावाबरोबरचा सराव असे तीन ठिकाणी खेळतो, टाचा दुखतात म्हणतो.

सकाळची ६.०५

भावाचं नावच काढू नका. "मागच्या सामन्यातला कोणता पास परत द्यायला मिळाला तर वेगळा देशील?" एवढं विचारा आणि गप्प बसा. जो मुलगा जागा, वेळ, समोरचा बचावपटू सांगतो त्याला खेळ दिसतो. "सर, सगळे बरोबरच होते" म्हणणारा लाजत असेल, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. दुसरा प्रश्न: दादा बाहेरगावी असतो तेव्हा काय सराव करतोस? उत्तर घरी जाऊन आईलाही विचारा. मोठ्याच्या मागे चालत येणारा आणि स्वतः काठी उचलणारा, हा फरक इथेच सापडतो.

मुरूम ते टर्फ

टाचांचं आजच बघा. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाची वाढती पट्टी पोटरीच्या स्नायूंच्या ओढीने दुखते. गुडघ्याखालच्या उंचवट्याचंही तसंच होतं. दोन्ही सहसा भार कमी केल्याने शांत होतात, पण लंगडत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. तिन्ही ठिकाणचे तास एका वहीत लिहा. वयाच्या आकड्यापेक्षा आठवड्याचे तास जास्त नकोत, म्हणजे याला सगळं मिळून तेरा, आणि निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. मोठ्याचा ड्रॅग फ्लिकचा सराव याने अजिबात करू नये. त्यात कंबर वळते आणि वाकते एकदमच, आणि वाढत्या मणक्यावर तोच ताण रोज पडला तर हाडाला चीर जाते. कंबरदुखी दोन आठवडे टिकली तर तपासणी, मलम नाही.

या मुलाची चाचणी टाचा बऱ्या झाल्यावर घ्या. आत्ताच्या धावण्याच्या वेळा कागदावरून खोडून टाका.

कांदिवलीकर

धाकटी बहीण असेल तर हेच लागू?

पांढरी पट्टी

पद्धत तीच, वयं वेगळी. मुलींची वाढ सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास जोरात असते, म्हणून उंचीच्या नोंदी दहाव्यापासून सुरू करा, आणि हिशेबात १३ मिळवण्याऐवजी वजा करा. वाढीनंतर गुडघा आत झुकतो का, ते उडी मारून उतरताना समोरून व्हिडिओ काढून बघा. मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल (गुडघ्यातला एक अस्थिबंध) दुखापतीचा धोका जास्त असतो. आणि मोठा भाऊ असेल तर ती मुलांबरोबर खेळून वाढलेली असते. मुलींच्या सामन्यात आल्यावर पहिले काही आठवडे पास फार लवकर सोडते, कारण टॅकल लवकर येईल असं तिला वाटतं. तो दोष लिहू नका.

हाफलाइन

ठरलं ते लिहितो. या मुलाला आत्ता "घेतला" किंवा "नाकारला" असं काही सांगणार नाही. सहा महिने सराव गटात. टाचा बऱ्या होईपर्यंत फक्त ट्रॅप आणि पासिंग, भावाबरोबरचा सराव आठवड्यातून एकदा, ३५ इंची काठी क्लबकडून. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत उंची, मान वळण्याची नोंद आणि २० ट्रॅपची चाचणी पुन्हा. सामने इनसाइडला दोन, हाफला दोन. गुणांच्या कागदावर आडनावाचा रकाना काढून टाकला आहे, त्या जागी जन्ममहिना आणि टर्फवरची वर्षं घातली आहेत. फेब्रुवारीचे आकडे इथेच टाकेन.